डॉट ओपस : तुमच्या व्हॉइस नोटच्या शेपटीची गोष्ट

(हा या भागाचा लिखित मसुदा. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ बरेचसे काढलेत, सगळे नाहीत.)



गेल्या महिन्यात मी फोन बदलला. जुन्या फोनचा बॅकअप लॅपटॉपवर घेतला आणि सहज व्हॉट्सअ‍ॅपचं व्हॉइस नोट्सचं फोल्डर उघडलं. आत साडेतीन हजार फाइल्स. नावं सगळी एकाच साच्यातली. आधी पीटीटी, मग तारीख, मग कसले तरी आकडे, आणि प्रत्येकीच्या शेवटी तीच शेपटी : डॉट ओपस.

त्यातल्या चाळीसेक माझ्या आत्याच्या होत्या. आत्याला तिच्या आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. लॉकडाऊनमध्ये मी तिच्या खनपटीला बसले होते, तेव्हा ती रोज दुपारी फोन तोंडापाशी धरून एकेक ओवी पाठवायची. मागे कुकरची शिट्टी, कधी कावळा. तर त्यातल्या एका फाइलवर मी डबल क्लिक केलं आणि लॅपटॉप म्हणाला, ही फाइल कशात उघडायची ते मला माहीत नाही.

पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. पाच मिनिटांत दुसरा प्लेअर टाकला आणि सगळ्या ओव्या वाजल्या. पण त्या पाच मिनिटांत जे प्रश्न डोक्यात आले त्यातूनच आजचा भाग तयार झालाय. हे ओपस म्हणजे काय? ते कुणाच्या मालकीचं आहे? आणि तो मालक उद्या म्हणाला, ‘दुकान बंद’, तर आत्याच्या ओव्यांचं काय?

आधी थोडा हिशेब. सीडीवर आवाज जसाच्या तसा साठवतात, तसा साठवला तर एका मिनिटाला साधारण साडेदहा एमबी लागतात. बोलणं ओपसमध्ये सेकंदाला २४ किलोबिटनं भरलं, तर तेच मिनिट १८० केबीत मावतं. जवळपास साठावा हिस्सा. आवाज असा घडी घालून बसवायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा, या कामाच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. घडी घालणारा तो एन्कोडर, उलगडणारा तो डीकोडर. दोघांना घडीची एकच रीत माहीत असावी लागते. आणि या रीतीवरच तर सगळी भांडणं झाली.

फार वर्षं कोडेकची दोन वेगळी घराणी होती. एक बोलण्याचं, एक गाण्याचं.

बोलण्याचं घराणं टेलिफोनवाल्यांचं. त्यांचं जी.७११ नावाचं मानक १९७२ सालचं आहे. त्यात आवाजाचा साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचाच भाग जातो, वरचं सगळं कापलं जातं. ‘स’ आणि ‘फ’ यांच्यातला फरक बराचसा त्या कापलेल्या भागात असतो. म्हणून तर फोनवर आडनाव सांगताना ‘स, समईतला स’ असं करावं लागायचं. पुढे मोबाइलसाठी आणखी घट्ट घडी घालणारे कोडेक आले. त्यांची युक्ती भारी होती. ते आवाजाच्या लाटेपेक्षा ती लाट काढणाऱ्या गळ्याचंच वर्णन पाठवतात. कंठातून हवा अशी येते, तोंडाची पोकळी सध्या अशी आहे, बाकीचं तुम्ही पलीकडे जुळवून घ्या. माणूस बोलत असेल तर झकास. पण त्यातून गाणं पाठवलं की फजिती, कारण बासरीला गळा नसतो. जुन्या फोनवर कुणाची कॉलर ट्यून ऐकली असेल तर आठवा, गाणं कसं पाण्यात बुडवून काढल्यासारखं यायचं.

(भागात इथे तशी एक क्लिप होती. वाचणाऱ्यांनी कल्पना करावी.)

गाण्याच्या घराण्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव एमपीथ्री. जर्मनीतली फ्राउनहोफर ही संशोधन संस्था, कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. यात गळ्याचा संबंध नाही, इथे विचार कानाचा. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला तसाही ऐकू येत नाही, मग तो साठवायचा कशाला? गाण्यासाठी हे उत्तम. पण घडी घालायला मोठा तुकडा हातात लागतो, आणि तो जमेपर्यंत थांबावं लागतं. गाणं ऐकताना ते कळत नाही. फोनवर बोलताना मात्र तेवढ्यात दोघंही ‘हॅलो हॅलो’ करून एकाच वेळी बोलायला लागतात.

आता १९९८ च्या सप्टेंबरमध्ये चला. एमपीथ्रीची हवा होती, हौशी मुलं घरबसल्या एन्कोडर लिहून फुकट वाटत होती. त्यातल्या काहींना फ्राउनहोफरचं पत्र आलं. पेटंट आमची आहेत, परवाना घ्या, फी भरा. कायद्यानं संस्थेचं काही चुकलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. संशोधनावर वर्षानुवर्षं पैसा घातला होता. पण पुढे जाहीर झालेले दर बघा, प्रत्येक डीकोडरमागे पाऊण डॉलर. कारखान्यात प्लेअर बनवणाऱ्याला हे परवडतं, तो किमतीत घालतो. फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्यानं कुठून भरायचं? शून्य रुपयाच्या वस्तूवर पाऊण डॉलर. जितकी लोकप्रियता जास्त तितकं कर्ज मोठं. २००२ साली रेड हॅटनं आपल्या लिनक्समधून एमपीथ्री वाजवण्याची सोयच काढून टाकली होती, ती याच भीतीनं.

त्या पत्रानंतर क्रिस माँटगोमेरी नावाच्या एका अमेरिकी प्रोग्रामरनं कंबर कसली. १९९३ पासून तो ऑग नावाच्या प्रकल्पावर हौसेनं काम करत होता. आता त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी एमपीथ्रीला खुला पर्याय करायला घेतला. तो व्हॉर्बिस. २००२ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. त्यांच्या संस्थेचं नाव झिफ डॉट ऑर्ग.

हे लोक काम कसं करायचे, ते ऐका. पेटंटचं आयुष्य साधारण वीस वर्षं असतं. मग एखादी युक्ती वापरण्याआधी शोधायचं : ही किती जुनी आहे? हिच्यावर कुणाचा हक्क आहे का? असेल तर वळसा घालून दुसरी वाट काढायची. म्हणजे गणित सोडवायचं, पण त्यातली निम्मी सूत्रं दुसऱ्याच्या नावावर आहेत म्हणून ती न वापरता. ‘फुकट’ म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी उदार झालं. इथे फुकट असणं हे आधी ठरवलेलं होतं आणि त्यासाठी वेगळी मेहनत होती.

गाण्याचं झालं, बोलण्याचं बाकी होतं. कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठातून आलेला जाँ-मार्क व्हॅलाँ नावाचा इंजिनिअर त्यात पडला. त्यानं स्पीक्स नावाचा खुला कोडेक केला, आवृत्ती १.० मार्च २००३ मध्ये. चांगला चालला. पण तोही जुन्या घराण्यातलाच होता, गळ्याचं वर्णन करणारा. गाण्यापुढे त्याचीही कॉलर ट्यूनच व्हायची. म्हणून २००७ च्या अखेरीस व्हॅलाँनं नवीन काही सुरू केलं. गाण्याच्या दर्जाचा आवाज हवा आणि उशीर नको. याचं नाव केल्ट.

उशीर म्हणजे किती, हे एका उदाहरणानं सांगते. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. तबलजी गायिकेपासून तीन मीटरवर बसला असेल, तर तिचा सूर त्याच्यापर्यंत नऊ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. कुणाला काही वाटत नाही. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पन्नास मीटरवर बसला तर दीडशे मिलिसेकंद होतात, आणि समेवर कुणीच कुणाला सापडत नाही. केल्ट पाच मिलिसेकंदांच्या उशिरात काम करू शकत होता. म्हणजे तबलजी पावणेदोन मीटरवर. बाकी इंटरनेटचा उशीर आहेच, तो कोडेकला कमी करता येत नाही.

केल्टची दुसरी गंमत त्याच्या आतली आहे. तो आवाजाचे, खर्जापासून तारापर्यंत, जास्तीत जास्त २१ पट्टे करतो. प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे ते आधी पाठवतो. नंतर उरलेल्या जागेत त्या पट्ट्याचा बारीक तपशील. जागा कमी पडली तर तपशील गेला तरी चालेल, पण जोर तेवढाच राहिला पाहिजे. म्हणून डेटा कमी असला तरी आवाजात भोकं पडत नाहीत. थोडा खरखरीत होतो, पण भरलेला वाटतो. मला हे फार आवडतं. भाजीत कोथिंबीर नसली तर चालेल, मीठ कमी नको, असा हा हिशेब.

इकडे हे चालू असताना स्काइप जोरात होतं. परदेशी गेलेल्या मुलांशी बोलायला आपल्याकडे किती घरांत ते चालायचं, हे तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. सुरुवातीला स्काइप दुसऱ्या कंपनीकडून कोडेक घ्यायचं. मग कून व्होस यांच्या टीमनं स्काइपचा स्वतःचा कोडेक घडवला, सिल्क. २००९ च्या सुरुवातीला तो स्काइपमध्ये आला आणि त्याच मार्चमध्ये कंपनीनं जाहीर केलं, वापरा, रॉयल्टी नको. स्काइपला यात फायदा दिसत होता, असं मला वाटतं. फोन बनवणाऱ्यांनी, दुसऱ्या कंपन्यांनी हाच कोडेक घेतला तर सगळ्यांशी बोलणं सोपं होणार. कोडेक विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा ते मोलाचं होतं.

म्हणजे २००९ साली दोन खुले उमेदवार समोर होते. बोलण्यात तरबेज सिल्क, गाण्यात तरबेज केल्ट. दोन्ही जाऊन पोहोचले आयईटीएफ या संघटनेकडे.

आयईटीएफ म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या इंजिनिअरांचा मेळावा. सभासदत्व नाही, फी भरून मत विकत घेता येत नाही. मतदानही नाही. एखाद्या मुद्द्यावर सभागृहाचा कल बघायचा तर अध्यक्ष म्हणतात, पटतंय त्यांनी हुंकार द्या. सगळे तोंड मिटून ‘हंऽऽ’ करतात. मग उलट बाजूचे. कुठला हुंकार मोठा ते ऐकायचं. थट्टा नाही, खरंच असं करतात.

पण कोडेकचा विषय निघाल्यावर तिथे बरीच ओढाताण झाली. काहींचं म्हणणं, हे आपलं कामच नाही. आवाजाची मानकं जिनिव्हाची आयटीयू ठरवते, तिला अनुभव आहे, कोडेकही भरपूर आहेत, आणखी एक कशाला? दुसऱ्या बाजूचं उत्तर सरळ होतं : भरपूर आहेत, पण बहुतेकांवर फी आहे, आणि इंटरनेटवर उद्या कोण काय बनवेल हे माहीत नसताना प्रत्येकाकडून आधी परवाना कसा मागणार? कार्यगट नेमायचा की नाही यावरच महिने गेले. अखेर २०१० च्या सुरुवातीला तो नेमला गेला.

तिथे मग गोष्ट वळली. आपल्याकडे दोन पैलवान आखाड्यात उतरले की एकाची पाठ लागेपर्यंत कुणी घरी जात नाही. इथे दोघांचा एक पैलवान केला. जुलै २०१० मध्ये सिल्क आणि केल्ट जोडलेला नमुना सादर झाला. आठ हजार हर्ट्झपर्यंतचं, म्हणजे बोलण्याचा गाभा, सिल्कनं सांभाळायचं, त्यावरची चकाकी केल्टनं. नुसतं साधं बोलणं असेल तर एकटं सिल्क, गाणं असेल तर एकटं केल्ट. आणि हे बदल चालू कॉलमध्ये व्हायचे, ऐकणाऱ्याला न कळता. नेट चांगलं असेल तर सेकंदाला ५१० किलोबिटपर्यंत जा, गावाकडे एकच दांडी येत असेल तर ६ किलोबिटवर या, पण कॉल तोडू नका. थोडे दिवस याचं नाव हार्मनी होतं. ऑक्टोबर २०१० पासून ते ओपस झालं.

२०११ साली हायड्रोजनऑडिओ या मंचावरच्या हौशी मंडळींनी चाचणी घेतली. कुठला नमुना कुठल्या कोडेकचा हे लपवून, सेकंदाला ६४ किलोबिटवर संगीत ऐकायचं आणि गुण द्यायचे. अजून मानकही न झालेलं ओपस पहिलं आलं. फी घेणारे कोडेक त्याच्या मागे होते.

पेटंटचा विषय अर्थातच संपला नव्हता. कार्यगट चालू असतानाच काही मोठ्या टेलिकॉम कंपन्यांनी ‘यावर आमचं पेटंट लागू शकतं’ अशा नोंदी केल्या. ओपसवाल्यांनी वकील लावून त्या तपासून घेतल्या आणि आपण त्यात अडकत नाही, असं मत मांडून पुढे गेले. स्वतःजवळची पेटंटं मात्र त्यांनी हुशारीनं वापरली. झिफ, ब्रॉडकॉम आणि स्काइप विकत घेतलेली मायक्रोसॉफ्ट यांनी आपापली पेटंटं ओपससाठी सगळ्यांना मोफत खुली केली, एका अटीवर. जो कुणी ओपसविरुद्ध पेटंटचा दावा लावेल, त्याची ही सवलत रद्द. अलीकडच्या काही वर्षांत पेटंटांचे पूल चालवणाऱ्या एका कंपनीनं ओपस वापरणारी उपकरणं बनवणाऱ्यांकडे परवान्याचा विषय काढलाच आहे. तेव्हा हे भांडण कायमचं मिटलं, असं मी म्हणणार नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये मानक प्रसिद्ध झालं. आरएफसी ६७१६. लेखक तिघं : व्हॅलाँ, व्होस आणि झिफचे टिमथी टेरिबेरी. व्हॅलाँ आणि टेरिबेरी तोवर मोझिलात नोकरीला होते, आणि मोझिलाच्या फायरफॉक्सनं मानक छापून येण्याच्या काही दिवस आधीच ओपस वाजवायला सुरुवात केली होती.

या दस्तऐवजाबद्दल मला आत्याच्या फाइल्समुळे जास्तच कुतूहल होतं, म्हणून मी तो उघडून बघितला. तीनशेच्या वर पानं, नुसता साधा मजकूर. आणि परिशिष्टात पानंच्या पानं अक्षरांचा भुगा, ज्याचा वाचून काही अर्थ लागत नाही. तो भुगा म्हणजे ओपसचा पूर्ण प्रोग्राम आहे, मजकुराच्या रूपात बदलून तिथे टाकलेला. दोन ओळींची कमांड दिली की त्यातून प्रोग्राम बाहेर येतो. वर असंही म्हटलंय की वर्णन आणि प्रोग्राम यांत तफावत आढळली, तर प्रोग्राम खरा धरावा. म्हणजे उद्या जगातले सगळे प्लेअर नाहीसे झाले आणि कुणाकडे या मजकुराची एक प्रत उरली, तरी ओव्या उलगडता येतील. कुणाची परवानगी न घेता.

बंधन आहे ते फक्त डीकोडरवर, हेही महत्त्वाचं. उलगडायची रीत पक्की, घडी घालायची मात्र ज्यानं त्यानं सुधारावी. त्यामुळे २०१२ ची फाइल आज वाजते आणि आजची फाइल २०१२ च्या प्लेअरमध्ये वाजते. मार्च २०२४ मध्ये आलेल्या १.५ आवृत्तीत तर मशीन लर्निंग घातलंय. प्रत्येक पॅकेटमध्ये मागच्या एक सेकंदापर्यंतच्या आवाजाचा गोषवारा सोबत जातो. घाटात रेंज गेली आणि काही पॅकेट्स हरवली, तरी पुढच्या पॅकेटमधल्या गोषवाऱ्यावरून हरवलेलं बोलणं पुन्हा उभं करता येतं. जुन्या डीकोडरला तो गोषवारा कळत नाही, तो नुसता सोडून देतो आणि बाकीचं नीट वाजवतो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. ब्राउझरमधल्या कॉल्ससाठी २०१६ पासून ओपस सक्तीचं झालं. लॉकडाऊनमध्ये ब्राउझरवर भरवलेले ऑनलाइन तास, डिस्कॉर्डवरच्या गेमिंगच्या गप्पा, यूट्यूबचा बराचसा आवाज, आणि आपल्या सगळ्यांच्या व्हॉइस नोट्स.

आता एक कबुली. हा पॉडकास्ट तुम्ही ऐकला असेल तर तो बहुधा एमपीथ्री म्हणून ऐकलात. एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, पेटंटं संपली, आता तोही फुकट आहे. आणि पॉडकास्टची जुनी-नवी सगळी अ‍ॅप्स त्याला ओळखतात. ओपसमध्ये तासाभराचा भाग १४-१५ एमबीत बसला असता, तुमचा डेटा वाचला असता. पण कुणाच्या तरी जुन्या फोनवर तो वाजलाच नसता, आणि मग तो मेसेज मला आला असता.

५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. ज्या कंपनीसाठी सिल्क घडवलं गेलं, तिचं दुकान खरोखरच मिटलं. सिल्क मात्र ओपसच्या पोटात बसून आजही रोज तुमच्या आईचं ‘पोचलास का रे’ तुमच्यापर्यंत आणून सोडतंय.

आत्याच्या चाळीस फाइल्स मी दोन ठिकाणी ठेवल्यात, शेपटी न बदलता. तिला परवा फोन करून सांगितलं की तुझा आवाज सुखरूप आहे. ती म्हणाली, अगं पण त्यातल्या तीन ओव्या मी चुकीच्या म्हटल्या होत्या, त्या काढून टाक, मी नवीन पाठवते. आल्या की पुढच्या भागात ऐकवते. भेटू.